लढवय्याचा घास

ज्यांच्या घरी काचेच्या पेटीत मासे आहेत, त्यांच्या तोंडून एक तक्रार हमखास ऐकू येते. दाणे टाकले की बाकीचे मासे तुटून पडतात. तो एकटा 'फायटर' मात्र सावकाश वर येतो, दाण्याकडे निरखून बघतो, तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. मग पानाआड जाऊन गप्प बसतो. दुकानदाराला विचारावं तर तो म्हणतो, "नखरेवाला मासा आहे साहेब, भूक लागली की खाईल." बऱ्याचदा तो खातोही. पण काही वेळा खात नाही, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत त्याचं पोट खपाटीला जाऊन तो मरतो. अन्नाने भरलेल्या पाण्यात, खाणाऱ्यांच्या गर्दीत.

मी प्राणिशास्त्राचा अभ्यासक नाही. कविता लिहितो, आणि बी. ए.ला इतिहास घेतला होता एवढीच माझी पुंजी. पण या माशाच्या नखऱ्यामागे लागलो तेव्हा ध्यानात आलं की हा प्रश्न जितका प्राणिशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. फायटरला माणसाने एका तऱ्हेने वाढवलं, आणि आपल्या दिवाणखान्यातली मासे ठेवायची पेटी अगदी वेगळ्या तऱ्हेने घडली. दोन्ही गोष्टी माणसानेच केल्या. त्या एकत्र आल्या की पहिला खटका उडतो तो जेवणाच्या वेळी.

या माशाचं घर म्हणजे सयाम, आजचा थायलंड. मध्य थायलंडमधल्या भातखाचरांत, दलदलीत, संथ कालव्यांत, गवत माजलेल्या उथळ पाण्यात तो राहतो. अशा पाण्यात प्राणवायू कमी. पण या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, एक घड्याघड्यांचं इंद्रिय असतं. त्याच्या मदतीने तो पृष्ठभागावर येऊन सरळ हवेतला श्वास घेतो. त्याचं तोंडही वरच्या बाजूला वळलेलं आहे. तळाचा गाळ उपसून खाणाऱ्याचं ते तोंड नव्हे. पाण्यावर पडलेला किडा, पृष्ठभागाला लटकलेली डासाची अळी, उड्या मारत पोहणारी पाणपिसू, म्हणजे जे हलतं आणि जिवंत आहे, ते टिपण्यासाठी ते घडलेलं आहे. याच तोंडाने नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, आणि खाली निसटलेली अंडी एकेक करून अलगद तोंडात धरून पुन्हा घरट्यात नेऊन ठेवतो. त्या राखणीच्या दिवसांत तो स्वतः फारसं खात नाही. तेव्हा तोंडात घेऊन पुन्हा सोडणं हे त्याच्या बाबतीत नेहमीच नखऱ्याचं लक्षण नसतं. कोरडा, टणक दाणा तो तोंडात घेतो, सोडतो, पुन्हा घेतो. जरा मऊ झाला की गिळतो. आपण मात्र पहिल्या थुंकण्यालाच निकाल समजतो.

थाई भाषेत डासाच्या अळीला 'लूक नाम' म्हणतात. शब्दशः अर्थ पाण्याचं लेकरू. आणि गंमत अशी की लिहिण्यातल्या स्वल्पविरामालाही तिथे बोलीत हाच शब्द आहे, कारण दोन्हींचा आकार एक. मी हे कळल्यावर आमच्या गच्चीतल्या जुन्या बादलीत वाकून पाहिलं. खरंच, पाण्यात स्वल्पविराम वळवळत होते! (ती बादली लगेच उपडी केली. डेंग्यूच्या दिवसांत माशाच्या लाडासाठी डास पोसणं शहाणपणाचं नाही, आणि महापालिकेची नोटीस येते ती वेगळी.)

आता लढाईकडे वळू. थाई लोक या माशाला 'प्ला कत' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. दोन नर समोरासमोर आले की कल्ले फुलवतात, रंग गडद होतात आणि चावाचावी सुरू होते. रानात ही भांडणं थोडक्यात संपतात, कारण हरणाऱ्याला पळून जायला जागा असते. माणसाने ती जागा काढून घेतली. शेतातले मासे पकडून लहानशा भांड्यात झुंजवायचे, त्यावर पैसा लावायचा, जो जास्त वेळ टिकेल त्याची पैदास करायची, हा खेळ सयाममध्ये किती जुना असावा? २०२२ साली या माशाच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचं म्हणणं असं की माणसाने हा मासा किमान हजार वर्षांपूर्वी पाळीव केला. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्याही आधी कुणीतरी सयामी शेतकरी मडक्यात मासा ठेवून त्याला अळ्या भरवत होता.

ह्यू मॅकॉर्मिक स्मिथ हे अमेरिकेच्या मत्स्य खात्याचे प्रमुख राहिलेले गृहस्थ १९२३ साली सयाम सरकारचे सल्लागार म्हणून बँकॉकला गेले आणि तिथल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर त्यांनी जन्मभराचं काम केलं. झुंजीच्या माशांबद्दलही त्यांनी लिहून ठेवलं आहे. रानटी मासे काही मिनिटांत माघार घेतात, तर पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेले तासन् तास लढतात, हा फरक त्यांच्यासारख्या निरीक्षकाच्या नजरेतून सुटला नाही. पण मला लढाईपेक्षा तिच्या तयारीचं जास्त कुतूहल वाटतं. झुंजीचा मासा एकटा ठेवतात. एका भांड्यात एकच. शेजारच्या भांड्यातला दिसू नये म्हणून मध्ये आडोसा. पाण्यात वाळलेलं बदामाचं पान टाकतात. हा आपल्या शाळांच्या आवारातला, रुंद पानांचा, लालसर होऊन पानं गाळणारा देशी बदामच. त्या पानाने पाणी चहासारखं होतं आणि माशाची कातडी, पर नीट राहतात असा तिथल्या लोकांचा अनुभव. आणि अन्न? ते हाताने, मोजून, एकेकाला. डासाच्या अळ्या, आणि 'राय डेंग' नावाची तांबडी पाणपिसू. ही पाणपिसू थायलंडमध्ये आजही हौदांत मुद्दाम वाढवली जाते.

हजार वर्षं ज्याला कुणाशीही स्पर्धा न करता, समोर आणून, जिवंत घास मिळाला, त्या प्राण्याची जेवणाची रीत कशी असेल? तो घासाकडे धावत नाही. आधी बघतो. घास हलतो का, हे पाहतो.

हे मला पटकन उमजलं, कारण लहानपणी असा शौक मी जवळून पाहिला आहे. आमच्या मोहल्ल्यात तितरांच्या झुंजी लावणारे दोन-तीन बुजुर्ग होते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तोवर झालेला होता, पण आमच्या गल्लीपर्यंत पोचलेला नव्हता. त्यांतले एक चाचा पहाटे फावडं घेऊन माळावर जायचे आणि वारूळ फोडून डब्यात वाळवी भरून आणायचे. तितराला वाळवी लागते, ताजी, वळवळणारी. घरात पोरांना कधी दुपारची भाकरी शिळी मिळे, पण तितराची वाळवी शिळी चालत नसे. चाची यावरून त्यांना काय काय बोलत ते इथे सांगण्यासारखं नाही. पिंजऱ्यापुढे बसून चाचा एकेक दाणा टिपल्यासारखी वाळवी टाकत आणि तितर मान तिरकी करून बघत, मगच उचले. ते तितर मोकळं सोडलं असतं आणि कोंबड्यांबरोबर दाणे टिपायला लावलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना कुणीही करावी. झुंजीचा प्राणी आणि भरवणारा हात यांची जोडी जुनी आहे. त्यात माया असते आणि क्रौर्यही असतं, दोन्ही एकाच ओंजळीत.

ज्या प्राण्याचा जो घास तो त्याला, ही समज आपल्याकडेही जुनीच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेला लागून कर्नाटकात. जुन्या मराठीचे काही नमुने या संस्कृत ग्रंथात सापडतात म्हणून मराठीचे विद्यार्थी त्याला ओळखतात. त्यात राजाच्या करमणुकींचं वर्णन आहे. कोंबड्यांच्या, मेंढ्यांच्या झुंजी आहेत, आणि 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरणही आहे. गळाने मासे धरण्याआधी त्यांना खाऊ घालून जवळ आणायचं, आणि ते करताना कुठल्या माशाला काय द्यायचं, कुणाला पीठ-तिळाचे गोळे आणि कुणाला मांस, याचा विचार त्या राजाने केलेला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रकरणाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. सगळ्या माशांना एकच खाणं, ही कल्पना सोमेश्वराला विचित्र वाटली असती.

मग ती आली कुठून? त्यासाठी लंडनला जावं लागतं. पण त्याआधी फायटरच्या प्रवासाबद्दल दोन शब्द. सयामचा राजा तिसरा राम याच्याकडून १८४०च्या सुमारास हे मासे थिओडोर कँटर यांच्या हाती आले, असं सांगतात. कँटर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॅनिश डॉक्टर. मलाया भागातल्या माशांची त्यांची सूची १८४९ साली आपल्या कलकत्त्यात छापली गेली. तिच्यात त्यांनी एका लढाऊ माशाला नाव दिलं; पण सयामी मासा त्याहून निराळा आहे हे पुढे ब्रिटिश म्युझियमच्या चार्ल्स टेट रेगन यांच्या लक्षात आलं आणि १९१०मध्ये त्यांनी त्याला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे आज चालू असलेलं नाव दिलं. स्प्लेंडेन्स म्हणजे झळाळणारा. एकोणिसावं शतक संपता संपता तो युरोपात आणि नंतर अमेरिकेत पोचला. तिथल्या शौकिनांना त्याची झुंज नको होती, परांची शोभा हवी होती. लांब झालरीसारखे पर, नवनवे रंग, हे सारं पुढे त्याच्यातून काढलं गेलं. झालर वाढली तसा वेग घटला, ही गोष्ट इथे ध्यानात ठेवा.

आता लंडन. कँटर यांची सूची छापली गेली त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ एका काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे ठेवून प्रयोग करत होते. पाणी न बदलता मासे जगवता येतील का? त्यांनी पाणवनस्पती लावली. वनस्पतीने प्राणवायू पुरवला, पण तिची पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली, शिवाय अंडी घातली, आणि ती अंडी माशांना खायला झाली! एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण, असा तो संसार बसला. १८५०मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, १८५४मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि सुशिक्षित इंग्रजांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेट्यांची लाट आली. सार्वजनिक, सामायिक पेटीची कल्पना ही अशी. निरनिराळे जीव एकत्र सुखाने नांदताहेत, असं ते एक छोटं जग. मला त्यात त्या काळच्या इंग्रजी साम्राज्याने स्वतःबद्दल रंगवलेलं चित्रही दिसतं, पण तो कवीचा चावटपणा म्हणून सोडून द्या.

पेट्या आल्या, उष्ण देशांतले मासे आले, पण त्यांना रोज खायला काय घालायचं हा प्रश्न पुढची शंभर वर्षं सुटला नव्हता. लोक डबक्यांतून पाणपिसवा गाळून आणत. गटाराच्या गाळातले ट्यूबिफेक्सचे तांबडे किडे धुऊन घालत. त्यांच्याबरोबर रोगही घरी येत. १९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे अल्विन सील यांनी खाऱ्या पाण्यातल्या एका इवल्या कोळंबीचा उपाय मांडला. तिची अंडी कोरडी करून डब्यात साठवता येतात, आणि मिठाच्या पाण्यात टाकली की दीड-दोन दिवसांत त्यांतून जिवंत पिल्लं बाहेर पडतात. जिवंत घास डब्यात मावू लागला. आणि १९५५मध्ये जर्मनीत उलरिश बेन्श यांनी 'टेट्रामिन' बाजारात आणलं: कागदासारखी पातळ पापडी, चिमूटभर चुरून टाकायची. ती आधी पाण्यावर तरंगते, मग हळूहळू खाली उतरते. वरचे खातात, मधले खातात, उरलेलं तळाचे खातात. साऱ्या पंगतीला एकच ताट. मत्स्यपालन सामान्य माणसाच्या घरात शिरलं ते मोठ्या प्रमाणात या पापडीमुळे, हे मान्यच केलं पाहिजे. ती नसती तर आपल्या दोन खोल्यांच्या घरात कुणी माशाची पेटी ठेवली नसती.

फक्त या पंगतीत पाणी पिऊन उठणारा एकजण आहे. आमच्या घरी मुलीने पेटी आणली तेव्हा तिच्यात आठ-दहा निऑन टेट्रा, तळाशी चार कोरी आणि एक निळा फायटर होता. पापडी टाकली की काय होतं ते मी संध्याकाळी खुर्ची टाकून पाहत असे. टेट्रा विजेसारखे येतात. फायटर आपली झालर सावरत वर येईस्तोवर मोठे तुकडे संपलेले. राहिलेला एखादा तुकडा तो बघत थांबतो, तेवढ्यात खालून एक टेट्रा येऊन तो घेऊन जातो. पापडी हलत नाही, म्हणून याला ती अन्न वाटत नाही. वाटेपर्यंत ती राहत नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "अब्बा, याला वेगळं ताट लागेल."

वेगळं ताट म्हणजे फार काही नाही. पेटीच्या एका टोकाला इतरांची पापडी टाकायची, गर्दी तिकडे गेली की दुसऱ्या टोकाला, रोज त्याच जागी, फायटरचा घास. गोठवलेले ब्लडवर्म दुकानात मिळतात. त्यातला एखादा वितळवून चिमट्यात धरायचा आणि पाण्यात किंचित हलवायचा. हलवणं महत्त्वाचं. दाणेच द्यायचे असतील तर लहान घ्यायचे, आधी पाण्यात भिजवायचे आणि एकावेळी दोन-तीनच टाकायचे. थुंकला तर थांबायचं. नवा आणलेला मासा पहिले काही दिवस तोंडच लावत नाही, त्याला घाबरून पेटी खाण्याने भरून टाकू नये. उरलेलं कुजतं आणि पाणी बिघडून सगळेच जातात. पुणे-नाशिककडच्या थंडीत मासा अचानक जेवण सोडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा खाण्यात नसून पाण्यात असतं. हे उष्ण देशातलं पोर. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांच्या खाली गेलं की त्याची भूक मंदावते. शिवाय सोबतीही बघून निवडावेत. लांब शेपटीचे रंगीत गप्पी त्याला दुसरा नर वाटू शकतात आणि पर कुरतडणारे मासे त्याला जगू देत नाहीत. भेदरलेला मासा खात नाही. माणूस तरी कुठे खातो?

आमच्या माशाने पाचव्या दिवशी चिमट्यातून घास घेतला. पुढे चिमटा दिसला की तो आपल्या कोपऱ्यात येऊन थांबू लागला. सयामी शेतकऱ्याचा हात आणि आमचा चिमटा यांत त्याला फारसा फरक वाटला नसावा. दुकानातल्या त्या पेलाभर पाण्याच्या बरणीची बाजू मी घेत नाही. ती त्याची सोय नाही, दुकानदाराची आहे. मोठ्या पेटीत तो नक्कीच बरा. जेवण तेवढं त्याचं त्याला द्यावं लागतं.

ज्या रानातून तो आला तिथली खबर मात्र चांगली नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळाने 'प्ला कत'ला देशाचा राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. तिथल्या मत्स्यशाळांतून या माशाची जगभर निर्यात होते. आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याच जातीच्या रानटी माशाची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. मध्य थायलंडची दलदल शहरांनी आणि शेतीने व्यापली, उरलेलं पाणी दूषित झालं, आणि सुटलेल्या पाळीव माशांचं रक्त रानटी माशांत मिसळू लागलं. भातखाचरात कीटकनाशक पडतं तेव्हा आधी पाणपिसवा आणि अळ्या मरतात. मासा तिथेच असतो, पाण्याच्या वरच्या थरात, वर वळलेलं तोंड घेऊन, आणि टिपायला काही उरलेलं नसतं.